मेपलची हौस आणि नुंगंबाक्कमचं ऊन

लेक न्यू जर्सीला, नाहीतर मुलगा टोरांटोला. चेन्नईतल्या कितीतरी मराठी घरांची आज हीच कथा आहे. सहा महिने तिकडे राहून आईवडील परततात, तेव्हा बॅगेत नातवंडांची चित्रं असतात आणि मोबाइलमध्ये शेकडो फोटो. त्यांत एक फोटो हमखास असतो : घराच्या पायरीशी उभं असलेलं, माणसाच्या उंचीहून थोडंसं मोठं, लालबुंद पानांचं देखणं झाड. पान म्हणजे जणू उघडलेला पंजा. ते झाड मेपलचं. मग मनात येतंच, आपल्याही फाटकाशी असं एखादं झाड असावं.

नुंगंबाक्कमसारख्या भागात हा विचार जरा जपूनच करावा लागतो. इथले जुने बंगले जाऊन त्या जागी अपार्टमेंट उभी राहिली. मोकळी माती उरली ती फाटकाजवळ, कंपाउंडच्या भिंतीलगत, फार तर मागच्या बाजूला चार पावलांची. तिथे एकच झाड मावणार. ते चुकीचं निवडलं तर पैसे जातातच, पण त्याहून मोठं नुकसान वर्षांचं होतं. चार-पाच वर्षं वाट पाहून झाड सुकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सत्तरीच्या आजोबांना ही पाच वर्षं परवडणारी नसतात.

म्हणून उत्तर आधीच सांगून टाकू. नुंगंबाक्कमच्या अंगणात मेपल जगणार नाही. तो का जगणार नाही हे एकदा समजून घेतलं, की त्याच जागेत कोणतं झाड आनंदाने वाढेल हेही आपोआप कळतं. आणि तुमची मुलं थंड देशात असतील, तर त्यांच्या अंगणात मेपल कसा लावायचा, तेही पुढे दिलं आहे.

मेपल म्हणजे नेमका कोणता?

मेपल हे एका झाडाचं नाव नाही. वनस्पतिशास्त्रात ‘एसर’ नावाची एक प्रजाती आहे आणि तिच्यात शंभराहून अधिक जाती आहेत. कॅनडाच्या झेंड्यावर १५ फेब्रुवारी १९६५ पासून मेपलचं पान आहे. पॅनकेकवर ओततात तो गोड पाक ज्याच्या रसापासून बनतो, तो शुगर मेपल चांगला पंचवीस-तीस मीटर उंच जातो. साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक हाती येतो. असा वृक्ष कुणी पायरीशी लावत नाही.

फोटोतलं लहानसं झाड बहुतेक वेळा जपानी मेपल असतं. त्याचं शास्त्रीय नाव ‘एसर पाल्मेटम’, म्हणजे तळहातासारख्या पानांचा. जपान आणि कोरिया हे त्याचं मूळ घर. जपानमध्ये त्याला ‘मोमिजी’ म्हणतात आणि शरद ऋतूत त्याचे रंग पाहायला लोक डोंगरांत सहली काढतात. आपण कासला फुलं पाहायला जातो, तसंच ते. हे झाड फार तर पाच ते आठ मीटर वाढतं, तेही अगदी सावकाश. काही प्रकारांची पानं लेससारखी कातरलेली असतात. ती झाडं दोन-तीन मीटरवरच थांबतात आणि छत्रीसारखी खाली झुकतात.

काश्मीरचा चिनार म्हणजेच मेपल, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. पानं सारखी दिसतात, शरदात दोन्ही लाल होतात, पण चिनार वेगळ्याच कुळातला आहे. भारतात खरे मेपल आहेत ते हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. म्हणजे हे झाड आपल्या देशाला परकं नाही, त्याला परकी आहे ती किनाऱ्यावरची उष्णता.

उत्तर कॉलेज रोडवरच आहे

मेपल इथे का जगत नाही, याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. नुंगंबाक्कमच्या कॉलेज रोडवर हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. चेन्नईच्या बातम्यांत रोज ‘नुंगंबाक्कम’ आणि ‘मीनंबाक्कम’ असे दोन आकडे सांगतात, त्यातला पहिला इथला. १७९२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने याच भागात वेधशाळा उभारली. आकाशातल्या ताऱ्यांबरोबर इथल्या हवेचीही नोंद तेव्हापासून होत आली. एखाद्या वस्तीच्या थंडी-उन्हाचा इतका जुना हिशेब फार थोड्या ठिकाणी सापडेल.

तो हिशेब काय सांगतो? ३१ मे २००३ रोजी इथे ४५ अंश सेल्सियसची नोंद झाली. हा उष्णतेचा उच्चांक. आणि थंडीचा नीचांक? १३.९ अंश, तोही डिसेंबर १८९५ मधला. एरवी ऐन जानेवारीत पहाटेचं तापमान वीस-एकवीस अंशांच्या आसपास असतं.

आता मेपलची गरज पाहा. थंड प्रदेशातली अशी झाडं हिवाळ्यात अक्षरशः झोपतात. पानं गाळतात, वाढ थांबवतात आणि कळ्या घट्ट मिटून घेतात. ही झोप पुरी झाली की नाही, हे झाडाला कळतं ते थंडीवरून. साधारण सात अंशांखालची थंडी काही आठवडे मिळाली, तरच वसंतात कळ्या नीट फुटतात. झोप अपुरी राहिली तर पालवी उशिरा येते, तुरळक येते, एखादी फांदी फुटतच नाही. साठवलेल्या अन्नावर झाड एखादं वर्ष, फार तर दोन वर्षं काढतं आणि मग खंगत जातं. सात अंश आणि १३.९ अंश हे आकडे शेजारी ठेवले, की वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी अडचण रात्रीची. मेपलचा तो प्रसिद्ध लाल रंग हवेशी बांधलेला आहे. दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य विरतं आणि अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य तयार होतं. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असेल तेव्हा हा रंग सगळ्यात खुलतो. चेन्नईची रात्र उकाड्याची आणि दमट. उन्हाळ्यात तर मेपलच्या नाजूक पानांच्या कडा करपतात. त्यात बोअरवेलचं खारं पाणी पडलं तर विचारायलाच नको.

पैसे घालवण्याआधी

ऑनलाइन जाहिरातींत निळ्या पानांच्या मेपलचं बी, इंद्रधनुषी मेपलचं बी असं काहीही विकायला असतं. एक गोष्ट लक्षात ठेवा : निळ्या पानांचा मेपल जगात कुठेच नाही. तो फोटो संगणकावर रंगवलेला असतो. पाकिटातून काय उगवेल, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

काहीजण सुचवतात, बी ओल्या वाळूत घालून तीन महिने फ्रिजमध्ये ठेवा, रुजेल. हे खरं आहे. थंड हवामानातली बियाणी रुजवायची ती नेहमीचीच रीत आहे. पण फ्रिजमुळे बियाची थंडीची गरज भागते, झाडाची भागत नाही. रोप वर येतं, दोन-चार पंजे उघडतात, घरात सगळ्यांना आनंद होतो आणि मे महिना येतो. एसीच्या खोलीत कुंडी ठेवूनही उपयोग नाही. तिथे हिवाळा नसतो, झाडाला पुरेल असा उजेडही नसतो.

आणखी एक. तिकडून परतताना बॅगेत चार बिया किंवा एखादी फांदी आणण्याचा मोह होतो. तो टाळा. परदेशी रोपं-बियाणी भारतात आणण्यावर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाचे नियम लागू आहेत. परवाना आणि झाड निरोगी असल्याचा दाखला लागतो. हे नियम उगीच नाहीत. एका काडीबरोबर आलेली बुरशी किंवा कीड इथल्या शेतात पसरायला वेळ लागत नाही.

मुलांच्या अंगणात लावायचा असेल तर

तुमची लेक न्यू जर्सीत, लंडनमध्ये किंवा अशाच समशीतोष्ण ठिकाणी असेल, तर तिथे हौस जरूर पुरवा. टोरांटोचा हिवाळा मात्र जपानी मेपलला कडक पडू शकतो. तिथे थंडी सोसणारा प्रकार रोपवाटिकेतून विचारून घ्यावा आणि बोचऱ्या वाऱ्यापासून आडोसा मिळेल अशी जागा निवडावी. पुढच्या गोष्टी फोनवर सांगायला उपयोगी पडतील.

जागा अशी हवी, की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली. घराची पूर्व बाजू बहुधा बरी. माती थोडी आम्लधर्मी आणि पाण्याचा निचरा होणारी असावी. पाणी साचणाऱ्या जागी मुळं कुजतात.

लावायची वेळ म्हणजे वसंताची सुरुवात किंवा पानं गळू लागल्यानंतरचा शरद. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्यावा, पण गड्ड्यापेक्षा खोल नको. खोड जिथे रुंदावून मुळांत शिरतं, तो भाग मातीच्या वरच दिसला पाहिजे. झाड खोल पुरणं ही मेपलच्या बाबतीत नेहमी होणारी चूक आहे, आणि तिचा परिणाम काही वर्षांनी दिसतो.

बुंध्याभोवती लाकडाच्या सालींचा किंवा पानांचा पाच ते सात सेंटीमीटर थर द्यावा. तो खोडाला टेकू देऊ नये, चार बोटं जागा सोडावी. पहिली दोन वर्षं कोरड्या आठवड्यात मुळांपर्यंत पोचेल असं भरपूर पाणी द्यावं. खत बेताचंच. छाटणी उन्हाळ्याच्या मध्यावर किंवा झाड झोपी गेल्यावर, हिवाळ्याच्या सुरुवातीला. वसंताच्या तोंडावर कापलं तर जखमेतून रस गळत राहतो. मुळात या झाडाला फार कात्री लागतच नाही. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या, की बाकीचा आकार ते स्वतःच घेतं.

आपल्याला मेपलमधलं काय आवडलं?

आता पुन्हा नुंगंबाक्कमला येऊ. इथे झाड निवडायचं, तर तो फोटो पुन्हा उघडा आणि स्वतःलाच विचारा, यातलं आपल्याला नेमकं काय भावलं? लहान चण? पानाचा वेगळा आकार? लाल रंग? की वाऱ्यावर गिरक्या घेत खाली येणारी पंखवाली बी? प्रत्येक उत्तराला इथलं एक झाड तयार आहे.

पानाचा आकार भावला असेल, तर आपटा लावा. दसऱ्याला आपण ज्याचं पान सोनं म्हणून वाटतो, तोच. जोडपान मधोमध दुभंगलेलं, खोड वाकडंतिकडं, चण लहान, उन्हाला आणि कमी पाण्याला चिवट. जपानी मेपलला त्याच्या वेड्यावाकड्या फांद्यांमुळे जी शोभा येते, ती आपट्यालाही आहे, फक्त आपण त्याच्याकडे वर्षातून एकच दिवस पाहतो आणि तोही ओरबाडण्यासाठी. तमिळ देशात तर याचा मान मोठा. चेरांची खूण ताडाची, पांड्यांची कडुनिंबाची आणि चोळ राजांची आपट्याच्या फुलांची माळ, असं संघम साहित्य सांगतं. तंजावर चोळांचंही आणि पुढे मराठ्यांचंही. चेन्नईतल्या मराठी घराच्या दारात शोभावं असं याहून दुसरं झाड शोधून सापडणार नाही.

रोपवाटिकेत विचारताना मात्र उच्चार सांभाळा. आपट्याला तमिळमध्ये ‘आत्ति’ म्हणतात, पहिला ‘आ’ दीर्घ. ‘अत्ति’ म्हणालात तर उंबर किंवा अंजीर हाती येईल. ‘मंदारै’ म्हणून देतील तो कांचन. त्याचंही पान दुभंगलेलं असतं, फुलं मोठी आणि सुंदर असतात, पण तो आपटा नव्हे.

लाल रंग भावला असेल, तर आधी रस्त्यावर नजर टाका. देशी बदामाची मोठाली पानं गळण्याआधी तांबडीलाल होतात. चेन्नईचा शरद ऋतू पाहायचा तर तो या झाडावर. पण त्याचा पसारा मोठा, लहान कंपाउंडला तो झेपत नाही. जागा जरा ऐसपैस असेल तर तामण पाहा. महाराष्ट्राचं राज्यफूल ते हेच. तमिळमध्ये ‘पूमरुदु’. उन्हाळ्यात जांभळे घोस येतात आणि थंडीच्या दिवसांत गळण्याआधी पानं तांबूस होतात. त्याला पाणी मात्र मनापासून लागतं.

अंगणात दुपारची सावली आणि ओलावा असेल, तर सीताअशोक लावा. त्याची कोवळी पानं तांबूस-गुलाबी रंगाची असतात आणि झुपक्यांनी खाली लोंबतात. फुलं आधी केशरी, मग लाल. इथेही नावाचा घोळ आहेच. नुसतं ‘अशोक’ मागितलंत तर उंच, सरळसोट वाढणारा हिरवा अशोक मिळेल, ज्याला इथे ‘नेट्टिलिंगम’ म्हणतात. म्हणून ‘अशोगम’ म्हणा आणि पान दाखवायला सांगा.

लहान चणीचं, सावकाश वाढणारं झाड हवं असेल, तर अंजनी. महाबळेश्वरच्या रानात जांभळ्या-निळ्या फुलांनी फांद्याच्या फांद्या झाकून टाकणारी ही अंजनी चेन्नईच्या किनाऱ्यावरच्या मूळ जंगलातही आहे, हे ऐकून नवल वाटेल. तमिळमध्ये तिला ‘काया’ म्हणतात आणि कृष्णाच्या वर्णाला तिच्या फुलाची उपमा देतात. पाऊस थोडा, उन्हाळा लांब, हवा खारट, अशा ठिकाणी वाढलेलं हे झाड आहे. त्याला इथल्या मे महिन्याची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. धीर मात्र हवा, वाढ फार मंद असते.

आणि जागा अगदीच थोडी असेल, तर आपला प्राजक्त आहेच. इथला ‘पवळमल्लि’. पवळ म्हणजे पोवळं, देठाच्या रंगावरून. फाटकाशी सकाळी पडलेला सडा पाहिल्यावर लाल पानांची आठवण कितपत होईल, ते तुम्हीच ठरवा.

मेपलचे भाऊबंद ताटात

पंखवाल्या बिया आवडल्या असतील, तर एक गंमत सांगण्यासारखी आहे. मेपलचं कुळ पूर्वी स्वतंत्र मानत. आता शास्त्रज्ञ त्याला रिठ्याच्या कुळात धरतात. म्हणजे केस धुण्याचा रिठा, लिची आणि सह्याद्रीत वसंतात लालजर्द पालवीने पेटणारा कुसुम, हे सगळे मेपलचे भाऊबंद झाले.

याच कुळात डोडोनिया नावाचं एक मोठं झुडूप आहे. मराठीत त्याला जखमी म्हणतात, तमिळमध्ये ‘विराली’. दोन ते चार मीटर उंच, उन्हाला आणि कोरड्या दिवसांना अजिबात न घाबरणारं. त्याच्या फळांना कागदासारखे पातळ पंख असतात आणि ती पिकताना गुलाबी-लालसर होतात. लांबून पाहिलं तर झाडाला फुलंच आली आहेत असं वाटतं. कंपाउंडच्या भिंतीलगत एका खोडावर वाढवलं, तर त्याचं छान लहान झाड होतं.

आणि चेन्नईच्या बाजारात मिळणारी ‘मुडक्कत्तान’ची पालेभाजी? सांधेदुखीवर चांगली म्हणून तिचा डोसा इथे घरोघरी करतात. ती आपली कपाळफोडी. तीही याच कुळातली वेल. तिच्या फुग्यासारख्या फळातली काळी बी काढून पाहा, बीवर पांढरा बदाम असतो. मुलांना दाखवा, ती विसरणार नाहीत. मेपल आणता आला नाही तरी त्याची चुलत बहीण तुमच्या तव्यावर केव्हाच येऊन बसली आहे.

लावायचं कसं आणि केव्हा

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा हात जूनमध्ये कुदळीकडे जातो. मृगाचा पाऊस पडला की झाड लावायचं, हे अंगात मुरलेलं असतं. चेन्नईत हा हिशेब चुकतो. इथे वर्षाला साधारण चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर. जूनमध्ये लावलेलं रोप तीन-चार महिने तुमच्या बादलीवरच जगतं. म्हणून खड्डा सप्टेंबरमध्ये तयार ठेवा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या सरींबरोबर रोप लावा. मेपर्यंत त्याला मूळ धरायला सहा-सात महिने मिळतात. मेच्या पहिल्या आठवड्यापासून महिन्याच्या अखेरीपर्यंत चालणारं ‘अग्नि नक्षत्रम्’ ही त्याची पहिली खरी परीक्षा.

शहरातली माती बहुतांश ठिकाणी चिकणमाती आहे. नुंगंबाक्कमच्या काही भागात तर पूर्वी तलाव होता आणि ‘लेक एरिया’ हे नाव आजही त्याची आठवण देतं. अशा मातीत पाणी साचतं. पावसाळ्यात तुमच्या कंपाउंडमध्ये पाणी कुठे थांबतं ते आधी पाहून ठेवा. ती जागा टाळता येत नसेल, तर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ओटा करून त्यावर झाड लावा.

खड्डा दोन फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल पुरतो. निघालेल्या मातीतच एक चतुर्थांश कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून भरा. बांधकामाचा राडारोडा निघाला तर तो बाहेर काढा. अपार्टमेंटच्या आवारात तो हमखास निघतो. भिंत, पाण्याची जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेजची लाइन यांपासून दोन-तीन मीटर अंतर ठेवा. वर विजेच्या तारा आहेत का, तेही पाहा.

रोप घेताना उंची पाहू नका, मुळं पाहा. पिशवीत मुळांचा गोल गुंडाळा झाला असेल, तर ते रोप पुढेही मुळं पसरत नाही. तीन फुटांचं निरोगी रोप सात फुटांच्या गुंडाळलेल्या रोपाला दोन वर्षांत मागे टाकतं.

यामागे एक गंभीर कारणही आहे. १२ डिसेंबर २०१६ रोजी आलेलं वरदा चक्रीवादळ चेन्नईकर विसरलेले नाहीत. एका दिवसात शहरातली हजारो झाडं आडवी झाली. झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट घालून मुळांचा श्वास कोंडला, तर वादळात ते कसं टिकणार? म्हणून बुंध्याभोवती निदान तीन-चार फुटांचं आळं मोकळंच राहू द्या. फरशीवाल्याला आधीच बजावून ठेवा. पहिलं वर्ष बांबूचा आधार द्या, पण सुतळी सैल बांधा. थोडं हललं-डुललं तरच खोड बळकट होतं. वर्षाने आधार काढून टाका.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा, बादलीभर पाणी सावकाश मुरेल असं द्या. रोज तांब्याभर शिंपडलं तर मुळं वरवरच राहतात. गळलेला पाला जाळू नका, आळ्यात पसरा. ओल टिकते आणि खतही होतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर खड्डा खणण्याआधी असोसिएशनला विचारा आणि झाडाला पाणी कोण घालणार, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्या. सगळ्यांचं झाड हे बहुतेक वेळा कुणाचंच झाड नसतं. गच्ची किंवा बाल्कनी एवढीच जागा असेल, तर दीड-दोन फूट व्यासाच्या कुंडीत प्राजक्त, डोडोनिया किंवा देवचाफा छान राहतो. चाफ्याची पानगळ आणि उघड्या फांद्यांचा आकार थोडाफार त्या परदेशी हिवाळ्याची आठवणही करून देईल.

निवड ठरत नसेल, तर एक रविवार सकाळ काढा. कॅथीड्रल रोडवर २०१० मध्ये सुरू झालेली सेम्मोळी पूंगा ही बाग नुंगंबाक्कमपासून अगदी जवळ आहे. कागद-पेन घेऊन जा, नातवंडं इथे असतील तर त्यांनाही न्या. कुठलं झाड किती पसरतं, कुणाची सावली दाट पडते, कुणाखाली चालताना बरं वाटतं, ते डोळ्यांनी पाहा. रोपवाटिकेतल्या हातभर रोपावरून हे कळत नाही.

लावल्यावर त्या रोपाचा फोटो काढून मुलांना पाठवा आणि दर दसऱ्याला एक पाठवत राहा. आपटा लावला असेल, तर तोडायची दोन पानंच, तीही झाड चांगलं खांद्यापर्यंत आल्यावर. आपण कितीही हौस केली तरी झाडाला रोज जगायचं असतं ते आपल्या अंगणातल्या हवेत. त्या हवेला ज्याने आधीच होकार दिला आहे, असं झाड आणा. बाकीचं काम पाऊस करेल, फक्त तो जूनमध्ये नाही, ऑक्टोबरमध्ये येईल.